टाकळीचे दगड आणि रेव्हरंड हिस्लॉप

सीताबर्डीची टेकडी नागपूरच्या प्रत्येक विद्यार्थ्यास लढाईमुळें ठाऊक असते. इ. स. १८१७ च्या नोव्हेंबर महिन्यांत भोंसल्यांच्या सैन्याची व इंग्रजांची येथें गांठ पडली, आणि त्या दोन दिवसांत नागपूरच्या राज्याचें भवितव्य बहुतेक ठरून गेलें. त्या लढाईच्या अवघे दोन-अडीच महिने आधीं, सप्टेंबरच्या ८ तारखेस, स्कॉटलंडच्या दक्षिण सीमेजवळील डन्स नांवाच्या लहानशा गांवीं एका मुलाचा जन्म झाला. पुढें याच मुलानें नागपुरास येऊन त्याच टेकडीचा एक निराळा इतिहास वाचला, आणि तो इतका जुना निघाला कीं, त्यापुढें भोंसल्यांची लढाई म्हणजे काल सायंकाळची गोष्ट वाटावी. या मुलाचें नांव स्टीफन हिस्लॉप. नागपुरांत त्यांच्या नांवाचें कॉलेज आहे म्हणून नांव सर्वांच्या तोंडीं आहे. माणूस मात्र फारसा कोणास ठाऊक नाहीं. आमच्या बालवाचकांस व त्यांच्या पालकांस तो थोडासा परिचित व्हावा, या हेतूनें हें चरित्र आम्ही येथें देत आहों.

हिस्लॉप यांचें घराणें धर्मनिष्ठ होतें. त्यांचे थोरले बंधू अलेक्झांडर हेही पुढें धर्मोपदेशक व ग्रंथकार म्हणून प्रसिद्धीस आले. स्टीफन यांचें शिक्षण एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत झालें. इ. स. १८४३ मध्यें स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमध्यें मोठी फूट पडली. चर्चच्या कारभारांत सरकारचा व जमीनदारांचा हात असूं नये, असें म्हणणारे शेंकडों पाद्री आपलीं घरें व पगार सोडून बाहेर पडले आणि त्यांनीं स्वतंत्र चर्च स्थापिलें. तरुण हिस्लॉप या स्वतंत्र चर्चांत गेले. या चर्चला त्याच सुमारास मध्य हिंदुस्थानांत मिशन सुरू करावयाचें होतें. त्या कामासाठीं हिस्लॉप यांनीं आपणांस वाहून घेतलें, १८४४ सालीं विवाह केला, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते सपत्नीक मुंबईस उतरले. पुढल्या फेब्रुवारींत ते नागपुरास पोहोंचले.

येथें आम्ही क्षणभर थांबतों. कारण फेब्रुवारीचा महिना आणि स्कॉटलंडचा मनुष्य या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजे आमच्या विषयाची किल्ली हातीं येते. स्कॉटलंडच्या डोंगरांवर पाइन नांवाचा वृक्ष वाढतो. हिमालयांत ज्यास चीड म्हणतात तो याचाच भाऊबंद होय. ह्या झाडास आपल्या झाडांसारखीं रुंद पानें नसतात. सुयांसारखीं लांब, बारीक पानें असतात, आणि तीं एकदम कधींच गळत नाहींत. हिंवाळ्यांत भूमि गोठते, मुळांस पाणी ओढतां येत नाहीं, आणि वर वारा तर कोरडा वाहत असतो. अशा वेळीं हा वृक्ष जगतो कसा ? प्रत्येक पानावर सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांना पर्णरंध्रें म्हणतात. झाडाचा श्वासोच्छ्वास व अन्न करण्यासाठीं लागणाऱ्या वायूचा प्रवेश याच छिद्रांवाटे होतो; पण त्याच वाटेनें पाण्याची वाफही निघून जाते. पाइनच्या पानांत हीं रंध्रें पृष्ठभागाच्या खालीं खोलगट जागेंत दडलेलीं असतात, व वरून मेणाचा लेप असतो. पाण्याची तूट पडूं लागतांच पाइन आपलीं रंध्रें झटकन मिटून घेतो. शिवाय शरद् ऋतूंत दिवस लहान होऊं लागले कीं, त्याच्या पेशींत साखरेसारखीं द्रव्यें साचतात, आणि त्यामुळें थंडीनें जिवंत पेशींची नासाडी होत नाहीं. थोडक्यांत, संकट आलें म्हणजे दारें-खिडक्या लावून घरांतच बसून राहणारा हा वृक्ष आहे.

आतां नागपुराकडे पहा. फेब्रुवारी-मार्चमध्यें आमचीं रानें काय करितात ? सागाचीं सुपाएवढालीं पानें करपतात व गळून पडतात. पळस उघडा होतो आणि त्या उघड्या फांद्यांवर लाल फुलें पेटतात. परक्या मनुष्यास वाटावें, सारें अरण्य मेलें. वास्तविक हा मृत्यु नव्हे, हिशेब आहे. एवढ्या रुंद पानांतून उन्हाळ्यांत जितकें पाणी वाफ होऊन जाईल तितकें आमच्या कोरड्या जमिनींत मुळीं उरलेलेंच नसतें. झाडाच्या नळ्यांतून पाणी वर चढतें तें अखंड धाग्याप्रमाणें ओढलें जातें. ओढ फार वाढली कीं तो धागा तुटतो, नळींत हवेचा बुडबुडा शिरतो, आणि ती नळी निकामी होते. तें होण्यापूर्वींच साग पानांतील उपयुक्त द्रव्यें खोडांत ओढून घेतो, देठाशीं एक पातळ पडदा तयार करितो, आणि पान सोडून देतो. पाइन दार लावतो, तर साग घरच मोडून ठेवतो व पाऊस आला कीं पुन्हां उभारतो. या वाढीच्या व विश्रांतीच्या पाळीमुळें दोघांच्याही लांकडांत वर्षावर्षाचीं वलयें पडतात. चांगल्या पावसाच्या वर्षीं वलय बहुधा रुंद, अवर्षणाच्या वर्षीं अरुंद. पुण्याच्या उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेंतील शास्त्रज्ञांनीं मध्य हिंदुस्थानांतील सागाचीं अशीं वलयें मोजून, पावसाचीं मापें ठेवण्यास सुरुवात झाली त्याच्याही पूर्वींच्या पावसाळ्यांचा अंदाज बांधला आहे.

हीं शास्त्रीय कारणें हिस्लॉप यांच्या काळीं कोणासच नीट ठाऊक नव्हतीं. परंतु झाडाच्या शरीरावर हवापाण्याचा लेख उमटतो, आणि झाड मेल्यावर व दगड झाल्यावरही तो वाचतां येतो, या गोष्टीचा मोठा पुरावा त्यांच्याच हातानें या शहराच्या भोंवतालीं गोळा व्हावयाचा होता.

नागपुरास त्या वेळीं तिसऱ्या रघूजी भोंसल्यांचें राज्य चालू होतें. हिस्लॉप यांनीं प्रथम मराठी भाषा हस्तगत केली. १८४६ सालीं त्यांनीं शहरांत शाळा उघडली. आजच्या हिस्लॉप कॉलेजचें मूळ तींत आहे. पुढल्या वर्षीं रॉबर्ट हंटर नांवाचे त्यांचे सहकारी येऊन मिळाले. शाळा, रविवारची उपासना, कामठीच्या छावणींतील काम आणि थंडीच्या दिवसांत गांवोगांव प्रवास असा त्यांचा क्रम असे. प्रवास घोड्यावरून व बैलगाडींतून होई, आणि वाटेंत दिसणारा दगड, किडा, शिंपला कांहींच त्यांच्या नजरेंतून सुटत नसे. नागपूरच्या तलावांतील पाण्यांत त्यांना सांपडलेल्या एका सूक्ष्म प्राण्यास मुंबईच्या डॉ. कार्टर यांनीं १८५८ सालीं हिस्लोपिया असें नांव दिलें. दुसऱ्या वर्षीं एका खनिजास हिस्लोपाइट हें नांव मिळालें. पाद्र्यानें दगड गोळा करावे, हें आमच्या कांहीं वाचकांस विचित्र वाटेल. पण त्याच काळीं त्यांच्याच स्वतंत्र चर्चांतील ह्यू मिलर हा गवंडीकामांतून वर आलेला विद्वान् स्कॉटलंडमध्यें अश्मीभूत माशांवर ग्रंथ लिहीत होता. पृथ्वीचें वय कांहीं थोड्या हजार वर्षांचें नाहीं, हें कबूल करण्यानें आपली श्रद्धा ढळते असें या मंडळींस वाटत नव्हतें. या बाबतींत ते त्यांच्या नंतरच्याही पुष्कळांपेक्षां पुढें होते, असें आम्हांस प्रामाणिकपणें वाटतें.

१८५१ सालची गोष्ट. हिस्लॉप व हंटर हे शहराच्या पश्चिमेस टाकळी गांवाकडे फिरावयास गेले असतां, काळ्या दगडाच्या दोन थरांमध्यें एक निराळाच थर त्यांच्या दृष्टीस पडला. काळा दगड म्हणजे आपल्या घरांच्या पायांतला, रस्त्यावरच्या खडीचा तोच दगड. तो लाव्हा रस थिजून झालेला आहे. पण मधल्या थरांत गोड्या पाण्यांतील गोगलगाईंचे शंख होते, माशांचे खवले होते, फळें होतीं, बिया होत्या आणि दगड झालेलें लांकूड होतें ! लाव्हा रसाच्या दोन भट्ट्यांमध्यें तलावाचा तळ कोठून आला ? शोध करितां करितां तोच प्रकार सीताबर्डीच्या टेकडींतही निघाला. खालीं काळा दगड, वर काळा दगड, आणि मध्यें गोड्या पाण्यांत साचलेला पातळ थर. ज्या टेकडीवर तोफा डागल्या गेल्या तिच्या पोटांत तलाव होता.

याचा अर्थ पुढें उलगडला तो असा. आजपासून सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं दख्खनच्या भूमीला भेगा पडून लाव्हा रसाचे लोट वाहिले. हे लोट एकामागून एक लागलीच आले नाहींत. एक लोट थिजला कीं मध्यें दीर्घ विश्रांति मिळे. कित्येक ठिकाणीं हजारों वर्षें. त्या अवधींत थिजलेल्या भूमीवर पाणी सांचे, माती होई, बीं येऊन रुजे, आणि पुन्हां रान उभें राही. मग पुढला लोट येऊन सर्व गाडून टाकी. लाव्हाच्या दगडांतून झिरपणाऱ्या पाण्यांत गारेचें द्रव्य विरघळलेलें असतें. तें लांकडाच्या पेशीपेशींत भरून बसलें, व लांकूड कुजण्याऐवजीं गारेचें झालें. म्हणूनच टाकळीच्या अथवा छिंदवाड्याकडील मोहगांवच्या दगडाचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं धरिला तर कालच तोडलेल्या फांदीप्रमाणें तिच्या नळ्या दिसतात. अशा बऱ्याच लांकडांत वर्षाचीं वलयें स्पष्ट उमटलेलीं नाहींत. सागाप्रमाणें वर्षांतून एकदां वाढ थांबविण्याची पाळी त्या झाडांवर येत नसावी, म्हणजे वर्षभर ऊब व ओलावा असावा, असें यावरून अनुमान निघतें. ताडामाडाच्या जातीचीं झाडेंही तेथें विपुल होतीं. आजच्या नागपूरच्या वैशाखांत हें वाचणाऱ्यास तें खरें वाटणें कठीण !

परंतु हिस्लॉप यांच्या संग्रहांतील याहूनही जुनें पान कामठीकडे होतें. कन्हान नदीच्या आसपास, कामठी, सिलेवाडा, भरतवाडा या गांवांजवळ तांबूस-पिवळसर रेतीच्या दगडाच्या खाणी होत्या, व नागपूरच्या इमारतींस तेथूनच दगड येई. पाथरवटाच्या छिन्नीनें दगडाचा पापुद्रा उघडला कीं, आंत जिभेच्या आकाराचीं पानें पसरलेलीं दिसत. मध्यें जाड शीर व तिच्या दोहों बाजूंस जाळीदार शिरा. ब्रोंयार नांवाच्या फ्रेंच विद्वानानें हिंदुस्थान व ऑस्ट्रेलिया येथून आलेल्या अशाच पानांस १८२८ सालीं ग्लॉसॉप्टेरिस, म्हणजे जिभेसारखें नेचें, असें नांव दिलें होतें. नेचें हा तर्क चुकला. हीं पानें बी धरणाऱ्या मोठ्या वृक्षांचीं होतीं हें नंतर सिद्ध झालें. हिस्लॉप यांनीं हीं पानें शेंकड्यांनीं जमविलीं, कागदांत गुंडाळलीं, पेट्या भरून विलायतेस पाठविलीं. सर चार्ल्स बनबरी यांनीं त्यांचें वर्णन १८६१ सालीं प्रसिद्ध केलें.

या झाडानें आपल्या काळच्या संकटांस कसें तोंड दिलें तें पाहण्यासारखें आहे. पाइन व साग यांच्या गोष्टीचा तिसरा भाग येथें सांपडतो. त्या काळीं, म्हणजे सुमारें पंचवीस-सव्वीस कोटी वर्षांपूर्वीं, हिंदुस्थान, आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका व दक्षिण ध्रुवाचा खंड हीं सर्व एकत्र जोडलेलीं होतीं, आणि आपली भूमि आजच्याहून पुष्कळच दक्षिणेस होती. हिंवाळा लांब व अंधाराचा, जमीन पाणथळ व दलदलीची. पाणथळ जमिनींत मुळांना हवा मिळत नाहीं व तीं गुदमरतात. आपल्या शेतांत पाणी तुंबलें कीं तुरी पिवळी पडते ती यामुळेंच. ग्लॉसॉप्टेरिसच्या मुळांत उभ्या कप्प्यांसारख्या पोकळ्या असत व त्यांतून हवा खालवर जाऊं शके. हिंवाळा आला कीं बहुतेक शास्त्रज्ञांच्या मतें हीं झाडें सागाप्रमाणें पानें टाकीत. दगडांत पानांचे थरच्या थर एकावर एक सांपडतात त्याचें हेंच कारण देतात. सागास पानें टाकावीं लागतात तीं उन्हामुळें, आणि यास टाकावीं लागत तीं अंधारामुळें. दक्षिण ध्रुवाच्या खंडांत त्याच काळचीं जीं खोडें मिळालीं त्यांत ठळक वलयें आहेत, म्हणजे उन्हाळ्यांत तीं झपाट्यानें वाढत व हिंवाळ्यांत अगदीं स्वस्थ राहत. १९१२ सालीं कॅप्टन स्कॉट व त्यांचे सोबती दक्षिण ध्रुवावरून परततांना उपासमारीनें व थंडीनें मेले. पण सुमारें ३५ पौंड दगड त्यांनीं शेवटपर्यंत घसरगाडीवरून टाकून दिले नव्हते, आणि त्या दगडांत ग्लॉसॉप्टेरिसचीं पानें होतीं. सिलेवाड्याचा पाथरवट ज्यास फेंकून देई तेंच हें पान.

सुमारें २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीं हीं रानें नाहींशीं झालीं. सायबेरियांत लाव्हाचे प्रचंड उद्रेक झाले, हवेंत कोळशाचा वायु वाढला, पृथ्वी तापली, आणि थंड दलदलीसाठीं घडलेलें हें झाड त्या बदलाशीं जुळवून घेऊं शकलें नाहीं. अंधार त्यास सोसत होता, चिखल सोसत होता. परंतु ज्या शत्रूशीं लढण्याची तयारी शरीरांतच नाहीं तो आला म्हणजे पूर्वीचीं हत्यारें कामास येत नाहींत. पाइनचीही गत कधीं कधीं अशीच होते. अवर्षण थोडे महिने असलें तर रंध्रें मिटून बसण्यांत त्याचा बचाव आहे. तें लांबलें तर दार बंद असल्यामुळें अन्नाचा वायुही आंत येत नाहीं, झाड उपाशी पडतें, सालीखालील राळ कमी होते, व एरव्हीं राळेंत बुडून मरणारे भुंगेरे सुखानें आंत शिरतात. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागांत २००२-०३ सालच्या उष्ण अवर्षणांत पिन्यन नांवाच्या पाइनचीं रानेंच्या रानें अशा रीतीनें वाळलीं. आमच्या सागाची परीक्षा अजून व्हावयाची आहे.

आतां पुन्हां चरित्राकडे वळूं. हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या भूस्तरांवरील मोठा निबंध १८५५ सालीं लंडनच्या भूगर्भशास्त्र मंडळाच्या त्रैमासिकांत छापून आला. त्याच वर्षीं हंटर प्रकृतीच्या कारणानें स्वदेशीं परतले, आणि हिस्लॉप एकटेच पुढील काम करूं लागले. उमरेठच्या कोळशाचे थर व नागपूरचे पानांचे थर हे एकाच कुळांतले आहेत, हें त्यांनीं दाखविलें. हें उमरेठ छिंदवाड्याकडील. आपल्या उमरेडशीं त्याचा घोंटाळा करूं नये, जरी कोळसा पुढें उमरेडासही निघाला. चांद्याच्या वाटेवरील मांगली येथें त्यांना बेडकाच्या दूरच्या नातलगाची, एका मोठ्या डोक्याच्या उभयचर प्राण्याची, कवटी मिळाली. विलायतेंतील प्रख्यात प्राणिशास्त्रज्ञ ओवेन यांनीं तिचें नामकरण केलें.

हिस्लॉप यांचे सर्वच निष्कर्ष बरोबर ठरले असें मात्र आम्ही म्हणणार नाहीं. कामठीच्या पानांचे थर त्यांनीं वास्तविकपेक्षां पुष्कळ अलीकडचे, ज्युरासिक काळांतील, धरिले. टाकळीचे थरही त्यांनीं अलीकडे ओढले. मोजण्याचें साधन हातीं नव्हतें. युरोपांतील शंखांशीं येथील शंख ताडून पाहणें एवढाच मार्ग होता, आणि ज्या पानांस युरोपांत जोडच नाहीं त्यांचें वय युरोपच्या पंचांगांतून काढणें म्हणजे परगांवच्या घड्याळावरून आपल्या गांवची वेळ सांगण्यासारखें होतें. त्यांनीं आपलीं कारणें व पुरावे सविस्तर मांडले, म्हणून पुढच्यांस ते दुरुस्त करितां आले.

भोंसल्यांचें राज्य १८५४ सालीं खालसा झालें आणि नागपूर कंपनीच्या ताब्यांत गेलें. नव्या कारभारांतील ढिलाई व अन्याय यांविरुद्ध हिस्लॉप यांनीं वर्तमानपत्रांत स्पष्टपणें लिहिलें. १८६१ मध्यें मध्यप्रांत हा निराळा प्रांत झाला व थोड्याच दिवसांत सर रिचर्ड टेंपल त्याचे चीफ कमिशनर म्हणून आले. या दोघांचा लवकरच स्नेह जडला. टेंपल यांना प्रांताची माहिती हवी होती, आणि ती हिस्लॉप यांच्याइतकी कोणापाशींच नव्हती. गोंडांच्या भाषेचे शब्द, त्यांचे रीतिरिवाज, परधानांच्या तोंडून उतरून घेतलेलीं लिंगोचीं लांबलचक गाणीं असें त्यांचें टिपण कित्येक वर्षें वाढत होतें. ज्या गोंडांच्या मुलखावरून पुढें भूगर्भशास्त्र्यांनीं त्या जोडलेल्या प्राचीन खंडास गोंडवन हें नांव दिलें, त्या लोकांच्या गीतांचा व त्या खंडाच्या पानांचा संग्रह एकाच मनुष्याच्या घरांत असावा, हा योगायोग आम्हांस मोठा मौजेचा वाटतो. सरकारी भूस्तर खात्याच्या मेडलिकॉट साहेबांनीं तें नांव १८७२ सालीं योजिलें; तोंवर हिस्लॉप हयात नव्हते.

१८६३ च्या सप्टेंबरांत टेंपल यांची छावणी नागपूरच्या दक्षिणेस बोरी येथें पडली होती. जवळच टाकळघाट येथें जुन्या काळच्या लोकांनीं मोठमोठे धोंडे वर्तुळाकार मांडून केलेलीं स्मशानस्थानें आहेत. तीं उकरून पाहण्यासाठीं हिस्लॉप त्यांच्याबरोबर गेले. तारीख ४. दिवसभराच्या कामानंतर टेंपल छावणीस परतले. हिस्लॉप मात्र तेथील मुलांची शाळा तपासण्यासाठीं मागें राहिले. अंधार पडल्यावर ते एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेंत एक नाला होता. येतांना त्यांत पाणी थोडें होतें. पण वरच्या अंगास पाऊस होऊन गेला होता, आणि आमच्या काळ्या मातीच्या मुलखांतील नाल्यांची रीत सर्वांस माहीत आहे. भादव्यांत भिजून फुगलेली ती माती आणखी पाणी पीत नाहीं. पडलें तेवढें सगळें घेऊन नाला घटकाभरांत चढतो, व उतरतोही तितक्याच लवकर.

घोडा छावणींत एकटाच आला. खोगीर रिकामें पाहून माणसें मशाली घेऊन धांवलीं, आणि त्याच रात्रीं नाल्यांत त्यांचा देह सांपडला. त्यांच्या वयास ४६ वर्षें पूर्ण होण्यास चार दिवस उरले होते. घरीं पत्नी व लहान मुलें होतीं. नागपुरांत त्यांचें दफन झालें. टेंपल यांनीं त्यांच्या टिपणांचे कागद एकत्र करून गोंडांविषयींचा तो संग्रह १८६६ सालीं छापविला. जॉर्ज स्मिथ यांनीं त्यांचें चरित्र १८८८ सालीं लिहिलें. कॉलेज निघालें तें त्यापूर्वीं, १८८३ मध्यें.

पेट्या भरून विलायतेस गेलेले दगड मात्र अजून पुरते वाचून झालेले नव्हते. लखनौचे प्रोफेसर बिरबल सहानी हे पाइन व देवदार यांच्या वर्गांतील सूचिपर्णी वृक्षांचे थोर अभ्यासक होते. हिंदुस्थानच्या अश्मीभूत सूचिपर्णी वृक्षांचें त्यांनीं केलेलें फेरपरीक्षण १९३१ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत टाकळीच्या थरांतील गारेच्या झालेल्या शंकूसारख्या फळांचें वर्णन आहे. तीं त्यांनीं सूचिपर्णी वृक्षांचीं म्हणून ओळखलीं. आज सह्याद्रीपासून खालीं सबंध दक्षिण हिंदुस्थानांत या वर्गाचें आपोआप उगवणारें एकच झाड आहे, तेंही केरळ-तामिळनाडकडील ओल्या डोंगरांत, आणि त्यास सुया नसून चपटीं पानें असतात. नागपुरास तर सूचिपर्णी झाड कोणी बागेंत लाविलें तरच दिसतें. परंतु साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं टाकळीच्या तळ्याकांठीं, दोन लाव्हांच्या मधल्या विश्रांतींत, त्या वर्गाचें झाड उभें होतें व त्याचे शंकू पाण्यांत गळून पडत होते. सहानी यांनीं त्यांपैकीं एकास टाकळीवरूनच टाकळिओस्ट्रोबस असें नांव दिलें. टाकळी आतां शहराच्या घरांत मिसळून गेली आहे, आणि १८५१ सालीं दोन पाद्री जेथून शंख वेंचीत परतले तो थर बऱ्याच ठिकाणीं घरांच्या पायांखालीं गेला आहे.